हेपरिनची रचना तपासायला बसताना

जून-जुलैत आमच्याकडे नव्या मुलामुलींची भरती होते. एमएस्सी नुकतीच झालेली, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून रबाळ्याला उतरणारी, निथळती छत्री घेऊन लॅबच्या दारात उभी राहणारी मुलं. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातलं कुणीतरी रिपोर्टचा कोरा फॉर्म घेऊन येतं आणि विचारतं, "मॅडम, हेपरिनचं मॉलिक्युलर वेट किती लिहू? आणि स्ट्रक्चरच्या चौकटीत नक्की काय काढू?"

प्रश्न रास्त आहे. कॉलेजात पॅरासिटामॉल शिकलेलं असतं: एक रेणू, रेणुभार १५१, ग्राफवर एक पीक. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. त्याच्या बाटलीत मात्र वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या जागी सल्फेट असलेल्या शर्करांच्या साखळ्या एकत्र नांदत असतात. घटक वेगळे करणाऱ्या कॉलममधून सोडलं की टोकदार पीक येत नाही, पारसिकच्या डोंगरासारखा पसरट उंचवटा येतो. तो पाहून घाबरू नका. त्या उंचवट्यातून माहिती कशी काढायची, कुठल्या क्रमाने, आणि कुठे फसायला होतं, हे मी टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या लॅबमध्ये काम करत शिकले. तेच इथे सांगते.

आधी साखळी डोळ्यांसमोर आणा

उरणच्या बाजूला फाटकात अडकून कंटेनरची मालगाडी जाताना पाहिली असेल. हेपरिनची एक साखळी म्हणजे अशी एक गाडी समजा. डबे दोन जातींचे, एकाआड एक जोडलेले: एक युरोनिक आम्लाचा, एक ग्लुकोसामीनचा, दोन्ही शर्कराच. युरोनिक आम्ल बहुतेक जागी इडुरोनिक असतं, कुठे कुठे ग्लुकुरोनिक. प्रत्येक डब्यावर सल्फेट बांधायच्या ठरावीक जागा आहेत. कुठे ते बांधलेलं असतं, कुठे जागा मोकळी. ग्लुकोसामीनच्या नत्रावर बहुधा सल्फेट असतं, क्वचित ॲसिटिल. सर्वांत जास्त आढळणारी जोडी म्हणजे दुसऱ्या जागी सल्फेट असलेलं इडुरोनिक आम्ल आणि नत्रावर व सहाव्या जागी सल्फेट असलेलं ग्लुकोसामीन. एका जोडीत तीन सल्फेट. इतका दाट ऋणभार शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही रेणूवर नाही, आणि तपासणीतले निम्मे त्रास या भारापायीच होतात.

आता औषधाचा गाभा. या गाडीत कुठेतरी पाच डब्यांचा एक विशिष्ट क्रम लागतो. त्यातल्या मधल्या ग्लुकोसामीनवर तिसऱ्या जागी सल्फेट असतं, जे इतरत्र फारच दुर्मीळ. रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन नेमकं याच पाच शर्करांना पकडतं, त्याचा आकार बदलतो आणि ते रक्त गोठवणाऱ्या घटकांना जाम करतं. घटक दहा-अ आणि थ्रॉम्बिन हे त्यातले दोन. हा क्रम साधारण एक तृतीयांश साखळ्यांतच सापडतो. घटक दहा-अ रोखायला हे पाच डबे पुरतात. थ्रॉम्बिन रोखायचं असेल तर गाडी किमान १८ शर्करांची लागते, कारण अँटिथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बिन दोघांनाही एकाच साखळीवर बसायला जागा हवी. म्हणूनच छोट्या साखळ्यांचं एनॉक्सापरिन घटक दहा-अ वर जास्त आणि थ्रॉम्बिनवर कमी चालतं. फॉन्डापॅरिनक्स हे तर फक्त ते पाच डबेच, पूर्णपणे कारखान्यात घडवलेले. त्याच्या सोडियम क्षाराचा रेणुभार १७२८ असा एक आकडा बिनधास्त लिहिता येतो. हेपरिनच्या बाबतीत ती चैन नाही.

१९१६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठू न देणारा अर्क मिळाला. तो यकृतातून काढलेला होता, आणि यकृताला ग्रीकमध्ये 'हेपार' म्हणतात. नाव तिथून आलं. आजचा माल मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून येतो, काही देशांत गाईगुरांच्या आतड्यातूनही. फरक महत्त्वाचा आहे: गुरांच्या आतड्यातल्या हेपरिनमध्ये सहाव्या जागेवरचं सल्फेट कमी असतं आणि वजनामागे ताकदही कमी भरते.

कागद आधी, बाटली नंतर

नमुना हातात आला की लगेच बाटली उघडू नका. पुरवठादाराचे कागद वाचा: प्राणी कुठला, सोडियम क्षार की कॅल्शियम, मूळ हेपरिन की तोडून छोट्या साखळ्यांचं केलेलं. तोडलेलं असेल तर कसं तोडलं, हा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण तोडण्याची प्रत्येक रीत साखळीच्या टोकाला आपली खूण ठेवून जाते.

एनॉक्सापरिन करताना आधी बेन्झिल एस्टर बनवतात, मग अल्कलीने तोडतात. त्यामुळे साखळीच्या एका टोकाच्या युरोनिक आम्लात दुहेरी बंध येतो, आणि १५ ते २५ टक्के साखळ्यांच्या दुसऱ्या टोकाला १,६-अनहायड्रो कडं तयार होतं. टिन्झापरिन एन्झाइमने तोडतात. तिथे दुहेरी बंध येतो, पण ते कडं येत नाही. डाल्टेपरिन नायट्रस आम्लाने तोडतात. तिथे दुहेरी बंध नाही, टोकाला २,५-अनहायड्रोमॅनिटॉल असतं. ही टोकं पाठ करा. लेबल एक आणि टोक दुसरं असं दिसलं, तर पुढचं काम थांबवून वरिष्ठांना सांगायचं.

वजन: पावसाळ्यातला पहिला धडा

ही पायरी मुलांना क्षुल्लक वाटते, म्हणून मी तिच्यावर मुद्दाम रेंगाळते.

हेपरिन हवेतलं पाणी ओढतं. जुलैत आमच्या भागात भिंतींना ओल येते, रजिस्टरची पानं मऊ पडतात, आणि डीह्युमिडिफायर चालू असूनही वजनाच्या खोलीतला हायग्रोमीटर वर वर सरकत राहतो. मी नवी असताना अशाच एका दिवशी हेपरिन तोलत होते. काट्यावर आकडा स्थिर होईना. शेवटचा अंक चढायचा, मी थोडं थांबायचे, तो आणखी एक घर चढायचा. मला वाटलं काटा बिघडलाय. शेवटी जो आकडा दिसला तो लिहून मी पुढे गेले. पुढच्या आठवड्यात घटकशर्करांची बेरीज केली तर हिशेब काही केल्या शंभराला पोचेना. एन्झाइम बदललं, कॉलम धुतला, नवी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) केली. चार दिवसांनी आमच्या तेव्हाच्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "सुकवून तोललं होतंस का?" हरवलेला भाग निव्वळ पाणी होता. मी शर्करा समजून पाऊस तोलला होता.

म्हणून तोलायच्या आधी फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथाच्या) पद्धतीने सुकवा: ६० अंश सेल्सियस, निर्वात, तीन तास. डेसिकेटरमधून बाटली काढली की झाकण उघडण्यापासून तोलण्यापर्यंत हात थांबता कामा नये. ज्या नमुन्याला सुकवणं चालणार नाही, त्याचं पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने वेगळं मोजा आणि हिशेबात वजा करा. वजनाच्या नोंदीशेजारी त्या वेळची आर्द्रताही लिहा. कोणी मागत नाही, तरी लिहा.

हात बसावा म्हणून एक सोपा प्रयोग पहिल्याच दिवशी करून घ्या. टोल्युइडीन ब्लूचं पातळ निळं द्रावण चाचणीनळीत घ्या आणि त्यात हेपरिनच्या द्रावणाचा एक थेंब सोडा. थेंब जिथे पडतो तिथून जांभळट-गुलाबी रंग पसरत जातो. दाट ऋणभारावर रंगाचे रेणू खेटून बसतात, म्हणून रंग पालटतो. यातून हे हेपरिनच आहे असं सिद्ध होत नाही. सल्फेटवाली इतर बहुशर्कराही असंच करते. पण भार म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

एनएमआर: इथे घाई नको

एनएमआर म्हणजे नमुना चुंबकात ठेवून त्यातल्या प्रोटॉनच्या रेषा वाचणं. साधारण २० ते ३० मिलिग्रॅम हेपरिन डीटूओमध्ये (जड पाण्यात) विरघळवा, शून्य ठरवायला टीएसपी हा संदर्भ-पदार्थ घाला. ॲल्युमिनियम, लोखंड, मँगनीज असे धातू हेपरिनला चिकटलेले असतात. त्यातल्या चुंबकीय धातूंमुळे रेषा जाड होतात. अशा वेळी धातू पकडून ठेवणारं ईडीटीए, तेही ड्युटेरियमयुक्त, थोडंसं घातलं की त्या निवळतात. साधं ईडीटीए घातलंत तर त्याच्या स्वतःच्या रेषा तीन-साडेतीन पीपीएमच्या (ग्राफच्या आडव्या अक्षाचं एकक) भागात येतात, हे ध्यानात असू द्या.

प्रोटॉनच्या ग्राफवर चार खुणा आधी शोधा. ५.४२ पीपीएमला ग्लुकोसामीनचा पहिला प्रोटॉन, ५.२१ ला सल्फेटवाल्या इडुरोनिक आम्लाचा पहिला प्रोटॉन, ३.२८ ला नत्रावर सल्फेट असलेल्या ग्लुकोसामीनचा दुसरा प्रोटॉन, आणि २.०५ च्या आसपास ॲसिटिलचा मिथिल. या चार जागेवर दिसल्या की घर बरोबर आहे. एनॉक्सापरिनमध्ये सहा पीपीएमच्या जवळ टोकाच्या दुहेरी बंधाचा प्रोटॉनही दिसायला हवा. १.१८ ला छोटी तिहेरी रेष दिसली तर ते इथेनॉल, शुद्धीकरणात वापरलेलं.

पाण्याची रेष ४.८ च्या आसपास बसते आणि इडुरोनिक आम्लाचा पाचवा प्रोटॉन झाकते. नवीन मुलं ती रेष दाबायच्या नादात शेजारच्या रेषाही दाबून टाकतात. त्यापेक्षा तापमान बदला. तापमान वाढवलं की पाण्याची रेष डावीकडून उजवीकडे सरकते, शर्करेच्या रेषा जवळजवळ जागच्या जागी राहतात. दोन तापमानांचे ग्राफ एकावर एक ठेवले की झाकलेलं उघडं पडतं.

आता ॲसिटिलचा भाग, १.९ ते २.२ पीपीएम. तो ताणून मोठा करा, उंची वाढवा, आणि निदान पाच मिनिटं नुसता बघत बसा. हेपरिनचा मिथिल २.०५ ला. त्याच्या डाव्या खांद्यावर २.०८ ला बारीक उंचवटा दिसला तर ते डर्मॅटन सल्फेट, शुद्धीकरणात मागे राहिलेलं. आणि २.१५-२.१६ ला काही दिसलं तर हातातलं सगळं काम बाजूला ठेवा.

२००७ च्या अखेरीपासून २००८ पर्यंत अमेरिकेत हेपरिन दिलेल्या रुग्णांचा रक्तदाब काही मिनिटांत कोसळू लागला, श्वास अडकू लागला. त्यांत डायलिसिसचे रुग्ण होते, मृत्यूही झाले. आधीच्या सगळ्या ठरलेल्या चाचण्या तो माल पास झाला होता, कारण तेव्हाची ताकदीची चाचणी फक्त रक्त गोठणं लांबतं का एवढंच बघायची. त्यात मिसळलेलं होतं अतिसल्फेटित कॉन्ड्रॉयटिन सल्फेट: स्वस्त कॉन्ड्रॉयटिनवर रसायनाने प्रत्येक जोडीला चार सल्फेट चढवलेलं. तेही रक्त गोठू देत नाही, त्यामुळे चाचणी फसली. पण शरीरात ते कॅलिक्रिन या एन्झाइमला चेतवतं, रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकिनिन तयार होतं आणि रक्तदाब खाली येतो. ते शेवटी सापडलं ते याच भागातल्या जादा मिथिलच्या रेषेमुळे. त्यानंतर फार्माकोपियांनी एनएमआर आणि आयन-एक्स्चेंज एचपीएलसी (भारानुसार घटक वेगळे करणारी कॉलमची पद्धत) सक्तीचं केलं, आणि ताकद मोजायला घटक दहा-अ व थ्रॉम्बिनच्या वेगळ्या चाचण्या आणल्या. मूळ हेपरिनसाठी या दोन्हींचं गुणोत्तर ०.९ ते १.१ च्या आत यावं लागतं.

म्हणून मी मुलांना सांगते, ग्राफमध्ये जे असायला हवं ते शोधणं सोपं आहे. जे असायला नको त्यासाठी डोळा तयार करावा लागतो. आमच्याकडे चांगल्या बॅचचा ग्राफ भिंतीवर लावलेला आहे. येता-जाता तो बघत राहिलं की वेगळी रेष आपोआप खटकते.

मोठा चुंबक आणि वेळ मिळाला तर एचएसक्यूसी हे द्विमितीय एनएमआर जरूर करा. तिसऱ्या जागेवर सल्फेट असलेलं ते दुर्मीळ ग्लुकोसामीन आणि साखळी प्रथिनाला जोडलेली असतानाचे झायलोज-गॅलॅक्टोजचे अवशेष तिथे वेगळे उठून दिसतात.

साखळी तोडून घटक मोजणं

इथे हेपरिनेज एक, दोन आणि तीन अशी तिन्ही एन्झाइम एकत्र वापरतात. ती मूळची एका मातीतल्या जिवाणूची, ज्याला आता पेडोबॅक्टर हेपरिनस म्हणतात. ॲसिटेट बफर, सामू ७, सोबत कॅल्शियम. एन्झाइम बर्फावर ठेवा, व्हॉर्टेक्सवर फिरवू नका, नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करा. २५ अंशांवर ४८ तास हा माझा नेहमीचा हिशेब. वीज गेली आणि इनक्युबेटर बंद पडला तर किती वेळ, ते लिहून ठेवा.

एन्झाइम तोडतं तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दुहेरी बंध येतो आणि तो २३२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. फुकटात मिळालेली खूणच ती. सामू ३ ला स्ट्राँग ॲनायन एक्स्चेंज कॉलम लावा, क्षार हळूहळू वाढवा. कमी सल्फेटच्या जोड्या आधी उतरतात, तीन सल्फेटवाली सर्वांत शेवटी आणि सर्वांत उंच. आठ नेहमीच्या द्विशर्करांचे स्टँडर्ड सोबत चालवा. काही पीकं जोडीने येतील. नवी मुलं त्यातल्या एकाला अशुद्धी म्हणून नोंदवतात. तो त्याच शर्करेचा अल्फा-बीटा जोड असतो. सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण केलं की दोन्ही पीकं एक होतात.

डायजेशन पूर्ण झालं का, हे कसं कळणार? थोडा भाग काढून आणखी २४ तास ठेवा आणि पुन्हा चालवा. आकडे तेच आले तर झालं. तरीही शेवटी काही चतुःशर्करा शिल्लक राहतातच. तिसऱ्या जागेवर सल्फेट असलेला बंध ही एन्झाइम सहजी तोडत नाहीत. त्या शिल्लक पीकांना कचरा समजू नका. औषधाचा जीव असलेल्या त्या पाच शर्करांच्या क्रमाची खूण नेमकी त्यांच्यातच लपलेली असते.

या पद्धतीची एक उणीव पक्की लक्षात ठेवा. तोडताना दुहेरी बंध आला की ते आम्ल आधी इडुरोनिक होतं की ग्लुकुरोनिक, हा भेद पुसला जातो. तो हवा असेल तर एनएमआरकडे परत जा, किंवा नायट्रस आम्लाने तोडा. तिथे युरोनिक आम्ल शाबूत राहतं. सामू १.५ ला नायट्रस आम्ल नत्रावर सल्फेट असलेल्या जागी तोडतं, सामू ४ ला मोकळ्या अमाइनच्या जागी.

कॉन्ड्रॉयटिन आणि डर्मॅटनला हेपरिनेज हात लावत नाही. डायजेशननंतरही मोठा तुकडा तसाच राहिला, तर तो काय आहे ते विचारा.

लांबी आणि वस्तुमान

लांबीसाठी साइज एक्सक्लूजन कॉलम, अमोनियम ॲसिटेटची मोबाइल फेज, आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर. कॅलिब्रेशन हेपरिनच्याच स्टँडर्डने करा. डेक्स्ट्रानने केलंत तर आकडा फसेल, कारण भारामुळे हेपरिनची साखळी ताठ पसरते आणि आहे त्याहून मोठी वाटते. मूळ हेपरिनसाठी वजन-सरासरी रेणुभार १५,००० ते १९,००० असा अमेरिकी फार्माकोपियाचा पट्टा आहे; एनॉक्सापरिनसाठी ३,८०० ते ५,०००. सरासरीसोबत वाटणीही द्या.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत धीर लागतो. सल्फेट आयन सोर्समध्येच गळतं, दर गळतीला ८० कमी होतात. सोडियम चिकटतं, दर वेळी २२ वाढतात. मग एका शर्करेच्या जागी पिसाऱ्यासारख्या दहा रेषा दिसतात. सोर्सचं तापमान आणि व्होल्टेज कमी ठेवा, नमुना आधी अमोनियम क्षारात आणा. ८० ने लहान रेष दिसली की आधी एकच प्रश्न: हे सल्फेट नमुन्यात नव्हतंच, की माझ्या यंत्राने पाडलं? सेटिंग आणखी सौम्य करून पुन्हा चालवा. रेषेची उंची घटली तर दोष यंत्राचा.

आकडे एकमेकांना विचारा

एनएमआरमधून ॲसिटिलचं प्रमाण मिळतं, द्विशर्करांच्या मोजणीतूनही मिळतं. दोन्ही जुळायला हवीत. सल्फेट-कार्बोक्सिलचं गुणोत्तर कंडक्टोमेट्रिक टायट्रेशनने निघतं आणि द्विशर्करांवरूनही काढता येतं. तेही जुळायला हवं. जुळत नसेल तर सरासरी काढून मोकळं होऊ नका; कुठली पद्धत कशाला आंधळी आहे याचा विचार करा. डायजेशन अपुरं असेल तर द्विशर्करा कमी भरतील. मिसळलेला माल असेल तर एनएमआरमध्ये ॲसिटिल जास्त दिसेल आणि एन्झाइमच्या बाजूला दिसणार नाही. हा दुसरा प्रकार सापडला तर तो लपवू नका, मग डिस्पॅचची तारीख उद्याची का असेना.

काही मुलं पुढे संशोधनाकडे वळतात आणि समुद्रशेवाळातल्या फुकॉइडनबद्दल विचारतात. तपकिरी शेवाळ आपल्या कोकण किनाऱ्यावर मिळतं, आणि त्यातल्या सल्फेटवाल्या फुकोजच्या साखळ्याही रक्त गोठू देत नाहीत. मात्र हेपरिनेज तिथे चालत नाही. आम्लाने तोडून एकेक शर्करा ओळखावी लागते, बंधांसाठी मिथिलेशन करावं लागतं. जात, महिना आणि किनारा बदलला की रचनाही बदलते, म्हणून तिन्ही नोंदवल्याशिवाय शेवाळ गोळा करू नका. समुद्रकाकडीतलं फुकोजयुक्त कॉन्ड्रॉयटिनही या कामात ताकदवान आहे, पण भारतात समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कडक संरक्षणाखाली आहे. परवानगीशिवाय एकही उचलायची नाही.

आता त्या चौकटीबद्दल. रेणुभाराच्या जागी वजन-सरासरी लिहा, पद्धत आणि कॅलिब्रंट सांगून, आणि शेजारी वाटणीचे टक्के. रचनेच्या चौकटीत सर्वांत जास्त आढळणारी तीन सल्फेटची जोडी काढा आणि खाली 'मुख्य पुनरावर्ती घटक' असं स्पष्ट लिहा. त्याखाली आठ द्विशर्करांचं कोष्टक, शिल्लक चतुःशर्करांची वेगळी ओळ, टोकाच्या खुणा, आणि १.९ ते २.२ पीपीएमचा ताणलेला ग्राफ जोडा. सही करण्याआधी वजनाच्या पानावरची आर्द्रता एकदा बघून घ्या.